आवाज हवा असेल तर आवाज म्हणा

परवा पुण्याहून मामेभावाचा मेसेज आला. ‘ताई, जीटीला कोल्ड एअर इनटेक बसवतोय. दहा हॉर्सपॉवर वाढतात. तुझ्या गाडीला होता ना? कुठला घेऊ सांग.’ खाली एक रील. उघडं बॉनेट, लाल रंगाचा शंकूसारखा फिल्टर आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर घशातून आल्यासारखा तो खोल आवाज. रील मी तीनदा पाहिली. खोटं कशाला बोलू, तिसऱ्यांदा फक्त आवाजासाठी पाहिली.

त्याची जीटी म्हणजे चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ हॉर्सपॉवर. त्यावर दहा वाढणार, म्हणजे जवळजवळ दहा टक्के. एक पाइप आणि एक फिल्टर बदलून! हे खरं असेल तर ज्यांनी ते इंजिन बनवण्यात वर्षं घालवली त्या सगळ्या इंजिनिअरांनी दहा टक्के ताकद डब्यात विसरून ठेवली, आणि ती नेमकी रीलवाल्याला सापडली, असं मानावं लागेल.

तरीही मी त्याला ‘घेऊ नकोस’ म्हणणार नाही. मीही घेतला होता. माझं म्हणणं वेगळं आहे. आफ्टरमार्केट इनटेकच्या धंद्यात दुकानदार ताकद विकतो आणि गिऱ्हाईक घरी आवाज घेऊन जातं. बहुतेकदा दोघांनाही हे ठाऊक असतं, पण बोलताना दोघंही हॉर्सपॉवरचीच भाषा बोलतात. हे नाटक पुरे झालं. त्यात पैसे जातात, इंजिनाचं आयुष्य जातं आणि आपल्याला नक्की काय आवडतं हे स्वतःशीही कबूल न करण्याची सवय लागते. या तिसऱ्या गोष्टीचा मला जास्त राग आहे.

माझे साडेतीनशे डॉलर

मी कॅलिफोर्नियात राहते. माझ्याकडे २०१३ सालची सेकंडहँड सुबारू बीआरझेड आहे. टोयोटा आणि सुबारूने मिळून काढलेली ही छोटी स्पोर्ट्स कार. टोयोटाची हीच गाडी ‘८६’ या नावाने ओळखली जाते. दोन लिटरचं बिनटर्बोचं इंजिन, २०० हॉर्सपॉवर, ताकद मागच्या चाकांना. या गाडीची एक खोड जगजाहीर आहे. साधारण साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या दरम्यान टॉर्क खाली बसतो. ओव्हरटेक करायला पाय दाबावा आणि गाडीने ‘थांब, आलेच’ म्हणावं, असा प्रकार.

या खड्ड्यावर औषध म्हणून इनटेक विकले जातात. खड्डा खरोखर भरून निघतो तो एक्झॉस्टचा हेडर बदलून आणि ईसीयू नव्याने ट्यून करून, पण त्यात खर्च जास्त आणि कटकटही जास्त. इनटेक मात्र शनिवारी सकाळी दोन पाने घेऊन घरच्या घरी बसतो. मी साडेतीनशे डॉलर मोजले.

इंजिनिअरच्या जातीला शोभेल असं मी एक केलं. बसवण्याआधी गाडी डायनोवर नेली, बसवल्यावर पुन्हा त्याच डायनोवर नेली. आधीच्या तीन रनमध्ये चाकांवर १६५ ते १६९ हॉर्सपॉवर दिसले. नंतरच्या तीन रनमध्ये १६७ ते १७०. एकाच गाडीच्या एकाच दिवसाच्या तीन रनमध्ये चारचा फरक पडत असेल, तर आधी-नंतरचा दीड-दोनचा फरक कुठल्या खात्यात मांडायचा? डायनोवाला हसला आणि म्हणाला, ‘आवाज मस्त आहे पण.’

घरी येताना मी हायवेवर खिडक्या खाली केल्या. आवाज मस्त होता.

सात हजार लिटर हवा

आता थोडा हिशोब. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकाराएवढी हवा आत घेतं. म्हणजे दोन लिटरचं इंजिन ७,००० आरपीएमवर मिनिटाला साधारण ७,००० लिटर हवा ओढतं. गच्चीवरचं २०० लिटरचं पिंप दोन सेकंदांच्या आत रिकामं होईल, एवढी. हा आकडा ऐकला की कंपनीचा तो चपटा कागदी फिल्टर बिचाऱ्या इंजिनाचं नाक दाबून बसलाय असं चित्र डोळ्यांसमोर येतं. जाहिरातींचा सगळा खेळ या चित्रावर चालतो.

पण फिल्टरचा कागद घड्या घालून बसवलेला असतो. तो उलगडून पसरला तर छोटं टेबल झाकेल. इतक्या मोठ्या पृष्ठभागातून हवा जाताना दाब फारसा घटत नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब असतो १०१ किलोपास्कल. समजा फिल्टर, डबा आणि पाइप यांनी मिळून त्यातले तीन खाल्ले. ही सगळी अडचण जादूने शून्यावर आणली तरी हवा तीन टक्क्यांच्या आसपासच वाढेल. आणि शून्यावर ती येत नाही, कारण नव्या इनटेकलाही फिल्टर असतो आणि पाइप असतो. हाती उरतो एखाद-दीड टक्का, आणि तोही कधी? पाय पूर्ण दाबलेला आणि आरपीएमचा काटा वरच्या टोकाला असेल तेव्हा.

बाकीच्या वेळी पेट्रोल इंजिनाच्या तोंडाशी थ्रॉटलची झडप अर्धीमुर्धी बंदच असते. तिचं कामच हवा अडवण्याचं आहे. कर्वे रोडवर दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला मोठा इनटेक बसवणं म्हणजे बेसिनचा नळ पाव उघडायचा आणि गच्चीवरच्या टाकीचा पाइप मोठा करायचा. बादली तेवढ्याच वेळात भरणार.

‘पण अ‍ॅव्हरेज तरी वाढतं ना?’ अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली हे तपासलं होतं, आणि तेही नव्या फिल्टरची तुलना मुद्दाम चोंदवलेल्या फिल्टरशी करून. आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांमध्ये मायलेजवर दखल घेण्याजोगा परिणाम दिसला नाही. जोरात पिकअप घेताना मात्र चोंदलेला फिल्टर आड आला. यातून निघणारा सल्ला स्वस्त आहे. फिल्टर घाण झाला की कंपनीचाच नवा टाका.

भावाच्या टर्बो गाडीचं काय? टर्बोच्या आधीची अडचण कमी केली तर टर्बोचं काम थोडं हलकं होतं, हे खरं. पण आजकालचा ईसीयू ‘इतका टॉर्क द्यायचा’ असं ठरवून बसलेला असतो. काम हलकं झालं तर तो टर्बोला तेवढं कमी पळवतो आणि टॉर्क तोच देतो. आधी ट्यून करून ईसीयूचं ते उद्दिष्ट वाढवलंत, मोठा टर्बो टाकलात, तर मात्र कंपनीचा डबा खरोखर अपुरा पडू शकतो. इनटेक हे अशा मोठ्या कामातलं शेवटचं पान आहे. आपल्याकडे ते मुखपृष्ठ म्हणून विकलं जातं.

‘कोल्ड’ म्हणे

कोल्ड एअर इनटेक या नावातला ‘कोल्ड’ हा शब्द तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कंपनीचा एअरबॉक्स बहुधा गाडीच्या पुढच्या टोकाकडून, ग्रिलजवळून, बाहेरची हवा घेतो. बॉनेटखालच्या उष्णतेपासून ती दूर ठेवायला तो प्लॅस्टिकचा कुरूप डबा असतो. तो काढून त्या जागी उघडा शंकू लावला की इंजिन कुठली हवा ओढणार? रेडिएटर आणि एक्झॉस्टने तापवलेली, बॉनेटखाली कोंडलेली.

हवा तापली की विरळ होते. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली तर तिची घनता साधारण नऊ टक्क्यांनी घटते. दीड टक्का कमवायला निघालो आणि नऊ घालवून आलो. वेग घेतल्यावर बाहेरची हवा येऊन ही तूट बरीच कमी होते, हे मान्य. पण सिग्नल सुटल्यावरचे पहिले काही क्षण, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप असतो, तेच नेमके सर्वात गरम हवेचे. माझ्या गाडीत ओबीडी रीडर लावून मी हे पाहिलं. ऑगस्टातल्या दुपारी ट्रॅफिकमध्ये आत जाणारी हवा ६० अंशांच्या वर. माझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन १२.५ ला १ आहे. अशा इंजिनाला गरम हवा दिली की नॉकिंग टाळायला ईसीयू स्पार्क मागे घेतो, म्हणजे ताकद आणखी कमी.

मग जाहिरातीतले आकडे कुठून येतात? डायनोवर बॉनेट उघडं असतं आणि समोर भलामोठा पंखा असतो, म्हणजे उष्णतेचा प्रश्नच गायब. पहिली रन तापलेल्या इंजिनावर आणि नंतरची विश्रांती देऊन घेतली, की आकडा हवा तसा येतो. दुसरी गंमत एअरफ्लो सेन्सरची. आत किती हवा आली हे ही तापलेली बारीक तार मोजते आणि तिचं गणित मूळ नळीच्या व्यासावर बसवलेलं असतं. नळी रुंद केली की सेन्सरला हवा कमी भासते, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो, मिश्रण पातळ होतं. पूर्ण थ्रॉटलवर कंपनीने सुरक्षेसाठी पेट्रोल थोडं जास्त ठेवलेलं असतं, त्यामुळे मिश्रण जरा पातळ झालं की दोन-चार हॉर्सपॉवर निघतातही. पण ते पाइपाने दिलेले नसतात. इंजिनाच्या सुरक्षेच्या पुंजीतून काढलेले असतात, तुम्हाला न विचारता.

आवाज कुठून येतो

आता ज्या गोष्टीसाठी आपण खरंच पैसे देतो तिच्याकडे वळू.

प्रत्येक व्हॉल्व्ह उघडताना इनटेकच्या नळीत दाबाची लाट उलटी धावते. तोच इंजिनाच्या श्वासाचा आवाज. गाडी कंपनी तो दाबते. नळीला जोडलेले जे बंद तोंडाचे डबे दिसतात ते रेझोनेटर. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर एकच स्वर वाजतो ना, तेच तत्त्व इथे उलटं वापरलेलं असतं. ठरावीक स्वर तो डबा गिळतो. हवा त्याच्यातून जात नाही, त्याच्या बाजूने जाते. म्हणूनच ‘रेझोनेटर काढला, इंजिन मोकळं श्वास घेतंय’ हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं. इंजिन पूर्वीएवढाच श्वास घेतंय. फक्त आता घोरतंय.

आणि कंपन्यांना आपली ही आवड माहीत नाही असं थोडंच आहे! माझ्या बीआरझेडमध्ये इनटेकचा आवाज केबिनमध्ये आणणारी एक नळी कंपनीनेच दिली आहे. तिचं काम एकच, ड्रायव्हरच्या कानाला सुख देणं. बीएमडब्ल्यूने २०११च्या एम५मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाजवायला सुरुवात केली. लेक्ससच्या एलएफएचा आवाज घडवायला वाद्यं बनवणारी यामाहा सोबत होती. आणि आता तर इनटेकच नसलेल्या गाड्या आल्या. ह्युंदाईची आयोनिक ५ एन ही इलेक्ट्रिक गाडी खोट्या इंजिनाचा आवाज काढते आणि खोटे गिअरही बदलते. महिंद्राने आपल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या ध्वनींसाठी ए. आर. रहमानला गाठलं. हजारो कोटींचा उद्योग सरळ सांगतोय की माणसाला गाडीचा आवाज हवा असतो. ते कबूल करायला लाजतोय तो आपणच.

लाज कसली?

माझे बाबा नव्वदीच्या दशकात घरी एक मोठा टेपडेक घेऊन आले. आईने किंमत विचारली तेव्हा म्हणाले, ‘पोरीला इंग्रजीच्या कॅसेट ऐकता येतील.’ त्या इंग्रजीच्या कॅसेट दोनदा वाजल्या असतील. मग वीस वर्षं त्यावर वसंतराव देशपांडे वाजले. बाबांना गाणं ऐकायचं होतं. पण ‘मला गाणं ऐकायचंय, म्हणून महिन्याच्या पगाराएवढा टेपडेक आणला’ हे वाक्य आमच्या घरात उच्चारण्याजोगं नव्हतं. वस्तूला उपयोग हवा. सुख घ्यायचं असेल तर ते उपयोगाच्या पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून घरी आणायचं.

माझ्या भावाचे ‘दहा हॉर्सपॉवर’ ही तीच कोथिंबिरीची जुडी आहे. ‘पंचवीस हजार आवाजावर घालवले’ असं मामाला सांगता येत नाही, म्हणून ‘परफॉर्मन्स वाढवला’ म्हणायचं. दुकानदाराला आपली ही लाज पाठ असते. तो आपल्याला हॉर्सपॉवर विकतच नाही. घरी सांगायचं कारण विकतो, आणि त्या कारणाची किंमत वेगळी लावतो.

यावर कुणी म्हणेल, ‘ताई, पैसे आमचे, गाडी आमची, तुझ्या पोटात का दुखतं?’ एवढंच असतं तर दुखलं नसतं. पण कारण खोटं असलं की निवडही चुकते. हॉर्सपॉवरच्या नादात माणूस सर्वात मोठा पाइप, सर्वात उघडा फिल्टर आणि सर्वात मोठा आकडा निवडतो. नेमक्या याच तीन गोष्टी इंजिनाला सर्वात महाग पडतात. आवाज हवा हे आधी कबूल केलं असतं, तर आवाज टिकवून इंजिन सांभाळणारी वस्तू निवडता आली असती.

मी मोठा आकडा निवडला होता. इथे गाडी काही वर्षांची झाली की ठरावीक मुदतीने प्रदूषण तपासणी होते, आणि त्यात बॉनेट उघडून डोळ्यांनीही पाहतात. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने सूट दिलेल्या इनटेकवर क्रमांकाचं स्टिकर असतं. माझ्यावर नव्हतं. धूर स्वच्छ, तरी गाडी नापास. गॅरेजच्या माळ्यावरून जुना डबा काढून पुन्हा बसवला, तेव्हा कुठे पास झाली. आणि ते स्टिकर असतं तरी त्याचा अर्थ ‘याने प्रदूषण वाढत नाही’ एवढाच होता. ताकदीबद्दल ते चकार शब्द काढत नाही.

तर मग कुठला घेऊ?

भावाला मी अखेर हे लिहिलं.

पहिलं, धूळ. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ लोखंडी सिलिंडर ओरबाडण्याइतकं कठीण असतं. हवा ‘जास्त मोकळी’ जाऊ देणारा फिल्टर बऱ्याचदा धूळही जास्त जाऊ देतो. ‘आयएसओ ५०११’ या चाचणीचा अहवाल माग. विकणाऱ्याला हे नाव माहीत नसेल तर दुकानातून बाहेर ये. तेल लावायचा कापडी फिल्टर घेतलास तर तेल बेतानं लाव, जास्तीचं उडून सेन्सरच्या तारेवर बसू शकतं. कोरडा फिल्टर घेतलास तर ही डोकेदुखीच नाही.

दुसरं, डबा बंद हवा आणि हवा बाहेरून घेणारा हवा. उघडा शंकू फोटोत छान दिसतो, तिथेच राहू दे. तिसरं, गाडीत एअरफ्लो सेन्सर असेल तर तो ज्या नळीत बसतो तिचा व्यास मूळचाच ठेवलेला असावा.

चौथं, पाऊस. काही कोल्ड एअर इनटेक फिल्टर खाली, चाकाजवळ बंपरपाशी नेतात. जुलैत रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं की इंजिन त्या फिल्टरमधून पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि बिल लाखाच्या घरात जातं. आपल्याकडे हे चार महिने खरे आहेत, रील कुठल्याही महिन्यात काढलेली असो.

पाचवं, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हे कडकपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. इनटेक यात बसतो की नाही यावर वकील वाद घालतील. तुला तो वाद चौकात, हवालदारापुढे घालायचा आहे का, हे ठरव.

सहावं, शेजारी. इनटेकचा आवाज मुख्यतः गाडी चालवणाऱ्याला ऐकू येतो, म्हणून मला तो सभ्य वाटतो. बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर लावून रात्री बारा वाजता सोसायटीत शिरणं ही वेगळी जात आहे. पोलीस ते सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात तेव्हा मला वाईट वाटत नाही.

आणि खरंच वेगात जायचं असेल तर हेच पैसे चांगल्या टायरांना आणि ब्रेक पॅडना दे. उरले तर कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर एक दिवस कुणाकडून तरी नीट चालवायला शीक. तो एक दिवस तुझ्या गाडीचा लॅप टाइम जेवढा कमी करेल, तेवढा कुठलाही पाइप करणार नाही.

यातलं काहीच करायचं नसेल आणि फक्त आवाज हवा असेल, तर घे. बंद डब्याचा, मूळ व्यासाचा घे आणि जुना डबा माळ्यावर जपून ठेव. फक्त मामाने विचारलं की हॉर्सपॉवर सांगू नकोस.

दोन दिवस उत्तर नव्हतं. मग एक व्हॉइस नोट आली. मागे टीव्हीचा आवाज, मामी कुणाला तरी चहा विचारतेय. तो हळू आवाजात म्हणाला, ‘ताई, बाबांना सांगितलं. आवाजासाठी घेतोय म्हणालो.’ मग थोडा थांबला. ‘ते म्हणाले, केवढ्याला? मी सांगितलं. मग म्हणाले, बसवलास की मला एक चक्कर मारून आण.’